कीर्ती उरते, हिशेबही उरतो

मृत माणसाविषयी वाईट बोलू नये, हा संकेत आपल्या समाजात खोलवर मुरलेला आहे. ज्याला आता स्वतःची बाजू मांडता येणार नाही, त्याच्यावर आरोप करण्यात पुरुषार्थ नाही, ही त्यामागची न्यायबुद्धी आहे आणि ती आदरणीय आहे. परंतु काळाच्या ओघात या न्यायबुद्धीचे रूपांतर एका सोयीत झाले. हयातभर ज्याच्याशी भावकीने बोलणे टाकले होते, तो माणूस डोळे मिटताच चोवीस तासांच्या आत ‘अजातशत्रू’ होतो. नाक्यावर त्याचा भला मोठा फलक लागतो. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही अक्षरे, मध्यभागी मृताचा चेहरा आणि खाली त्याहून अधिक जागा अडवून बसलेली, श्रद्धांजली वाहणाऱ्यांची छायाचित्रे! तो फलक नेमका कोणाच्या कीर्तीसाठी असतो, हे सुज्ञ वाचकांना सांगण्याची गरज नाही.

प्रस्तुत लेखात मला या सोयीचीच चिकित्सा करावयाची आहे. मरणोत्तर कीर्ती ही मृताची कमाई आहे असे आपण समजतो. वास्तविक ती जिवंतांची निर्मिती असते आणि म्हणून तिची जबाबदारीही जिवंतांवरच पडते. जी कीर्ती मृताचे दोष आणि आपले दोष एकाच फुलांच्या ढिगाखाली झाकून टाकते, ती मृताचा सन्मान करीत नाही. ती त्याला आपल्या प्रार्थनेपासून वंचित करते आणि आपल्याला आपल्या हिशेबापासून.

यासाठी एका आठवड्याचे उदाहरण घेऊ. ३१ ऑगस्ट १९९७ च्या पहाटे, पॅरिसमधील आल्मा पुलाजवळच्या बोगद्यात झालेल्या मोटार अपघातानंतर, राजकन्या डायना यांचा वयाच्या ३६ व्या वर्षी मृत्यू झाला. पाचच दिवसांनी, ५ सप्टेंबर रोजी, कोलकात्यात मदर तेरेसा यांनी वयाच्या ८७ व्या वर्षी देह ठेवला. या दोन मृत्यूंची तुलना करण्याचा मोह तेव्हाही अनेकांना आवरला नाही व आजही आवरत नाही. एकीकडे झगमगाट, दुसरीकडे सेवा. एकीला फुलांचे डोंगर, दुसरीला वृत्तपत्रात दुय्यम जागा. आणि शेवटी जगाच्या उथळपणावर दोन कडक वाक्ये. माझ्या मते हे प्रवचन फार स्वस्त आहे. त्यात मदर तेरेसांना आपण प्रसिद्धीच्या शर्यतीत उतरवतो आणि त्या हरल्या म्हणून तक्रार करतो. शिवाय ते डायना यांच्यावरही अन्याय करणारे आहे. एड्सग्रस्ताला स्पर्श करण्यास जग भीत होते त्या काळात, १९८७ साली, लंडनच्या रुग्णालयात त्यांनी हातमोजे न घालता एका एड्सग्रस्ताचा हात हाती घेतला. १९९७ च्या जानेवारीत अंगोलातील भूसुरुंगांच्या प्रदेशात त्या चालत गेल्या. प्रसिद्धीचा झोत आपण टाळू शकत नाही, तर तो निदान योग्य ठिकाणी वळवावा, एवढी जाण त्यांना होती. तेव्हा प्रश्न कोण थोर, हा नाही. या दोघींच्या निधनानंतर जिवंतांनी काय लिहिले, काय म्हटले व काय गायिले, हा आहे.

६ सप्टेंबर १९९७ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये डायना यांचे बंधू अर्ल स्पेन्सर यांनी जे भाषण केले, ते श्रद्धांजलीपर साहित्यात निश्चितच वरच्या दर्जाचे आहे. त्याचे पहिले सामर्थ्य प्रामाणिकपणात आहे. बहिणीला घाईघाईने संतपद बहाल करण्याचा मोह होईल, पण त्याची काही आवश्यकता नाही. माणूस म्हणूनच ती पुरेशी मोठी होती, अशा आशयाचे उद्गार त्यांनी सर्व जगासमोर काढले. तिच्या मनातील असुरक्षितता, स्वतःला अपात्र मानण्याची तिची खोल भावना, खाण्यापिण्याच्या बाबतीतील तिचा आजार, यांपैकी काहीही त्यांनी लपविले नाही. राजघराणे समोर बसलेले असताना हे बोलणे सोपे नव्हते. बाहेर ध्वनिक्षेपकावर भाषण ऐकणाऱ्या जनसमुदायाने टाळ्या वाजविण्यास आरंभ केला आणि त्या टाळ्यांची लाट मंदिराच्या आत शिरली. अंत्यविधीत टाळ्या वाजणे ही गोष्ट मला रुचत नाही. परंतु त्या टाळ्या सत्यकथनाला होत्या, हेही मान्य केले पाहिजे.

मात्र या भाषणाचा कणा असलेली प्रतिमा मला तपासून पाहावीशी वाटते. शिकारीच्या प्राचीन देवतेचे नाव धारण करणारी मुलगी आधुनिक काळातील सर्वाधिक शिकार झालेली व्यक्ती ठरली, असा विरोधाभास भाषणात मांडलेला आहे. प्रतिमा प्रभावी आहे, समर्पक आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे. शिकारीच्या चित्रात दोनच पात्रे असतात, शिकारी आणि सावज. तिसऱ्याला तेथे जागा नाही. गाडी हाकणारा तेथे दिसत नाही, गाडीत बसणारे दिसत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता छायाचित्र पाहण्यासाठी पैसे मोजून वृत्तपत्र घेणारे लक्षावधी वाचकही दिसत नाहीत. राजवाड्याच्या दारात फुले ठेवून रडणारे आणि त्या छायाचित्रांना गिऱ्हाईक पुरविणारे लोक काही निराळे नव्हते. शोकाकुल भावाने आपल्या भाषणात पोलिसी पंचनामा वाचावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण पुढे ज्या शेकडो लेखकांनी ही प्रतिमा उचलली, त्यांना ती सवलत देता येत नाही.

त्याच दिवशी एल्टन जॉन यांनी गायिलेल्या गीताचा विचार या दृष्टीने उद्बोधक आहे. हे मूळ गीत १९७३ सालचे, दिवंगत चित्रपटतारका मॅरिलिन मन्रो हिच्याविषयीचे. डायना यांच्या अंत्यविधीसाठी त्याचे शब्द बदलण्यात आले, चाल तीच राहिली. जगभरात त्याच्या सुमारे ३ कोटी ३० लाख प्रती खपल्या आणि त्यांचे उत्पन्न दानधर्माला गेले, हे नमूद करणे न्याय्य होईल. तरीही समीक्षक म्हणून मला प्रश्न पडतो: एका स्त्रीच्या शोकाचे वस्त्र थोडे उसवून, थोडे शिवून दुसऱ्या स्त्रीच्या अंगावर इतके बेमालूम कसे बसले? कारण कीर्तीजवळ साचा तयार असतो. सुंदर, एकाकी, अकाली गेलेली, जगाने न समजून घेतलेली स्त्री! या साच्यात नाव बदलले की काम भागते. ज्या व्यक्तीला आपण अद्वितीय म्हणून अमर करतो, तिचे अद्वितीयपणच त्या क्षणी पुसले जाते.

आता हिशेबाकडे वळू. ब्रिटनमधील न्यायिक चौकशीत ज्यूरीने ७ एप्रिल २००८ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर दहा वर्षांहून अधिक काळाने, बहुमताने निर्णय दिला. मोटारीचा चालक आणि पाठलाग करणारी वाहने, या दोघांच्याही अत्यंत बेजबाबदार वाहन चालविण्यामुळे हे मृत्यू झाले, असे त्यात म्हटले होते. चालक मद्याच्या अमलाखाली होता. मृतांनी आसनाचा पट्टा बांधलेला नव्हता, हेही मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदले गेले. दरम्यानच्या काळात घातपाताच्या किती कथा जगभर हिंडल्या! त्यांचे कारण उघड आहे. एवढ्या मोठ्या कीर्तीची व्यक्ती मद्य प्यायलेला चालक आणि न बांधलेला पट्टा, अशा क्षुल्लक कारणांनी जावी, हे मनाला पटत नाही. कारस्थान मानले की मृत्यूला भव्यता येते. पट्टा मानला की आपल्याला आपल्या मुलाची मोटारसायकल आठवते, लग्नघरातून रात्री परतणारी जीप आठवते आणि त्या चालकाच्या हातात पेला देणारा आपलाच हात आठवतो.

दुसरा हिशेब त्याहूनही उशिरा झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये बीबीसीवर झालेली डायना यांची मुलाखत जगभर गाजली होती. ती मिळविण्यासाठी मुलाखतकाराने बनावट बँक कागदपत्रे तयार करवून ती अर्ल स्पेन्सर यांना दाखविली होती, असा निष्कर्ष लॉर्ड डायसन यांच्या चौकशी अहवालाने मे २०२१ मध्ये काढला. डायना यांना जाऊन तेव्हा तेवीस वर्षे उलटून गेली होती. फुलांचा ढीग रचण्यास एक आठवडा पुरला, सत्याला दशके लागली. कीर्ती धावत येते, हिशेब पायी येतो.

मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण जी पापकबुलीची प्रार्थना म्हणतो, तिचे व्याकरण या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. शेकडो लोक ती एकत्र म्हणतात, पण क्रियापद एकवचनी असते. ‘आम्ही’ नव्हे, ‘मी’. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर नव्याने सिद्ध झालेल्या उपासनाविधीत विचार, शब्द व कृती यांच्या जोडीला कर्तव्यात केलेली कसूर हीही त्या कबुलीत समाविष्ट झाली. जे केले त्याचाच नव्हे, तर जे करावयाचे राहिले त्याचाही जाब आहे. ‘सगळेच जबाबदार आहेत’ हे वाक्य ऐकायला मोठे उदार वाटते, परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ ‘कोणीच जबाबदार नाही’ असाच होतो.

मग मृत आप्ताविषयी लिहावे तरी कसे? आपल्या परंपरेत याचा एक वस्तुपाठ सोळाशे वर्षांपासून उपलब्ध आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात आपली आई संत मोनिका हिच्या निधनाची हकिकत लिहिली आहे. इसवी सन ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया या बंदरात ती वारली. मुलगा आईविषयी लिहीत आहे, ज्या आईच्या अश्रूंनी आपल्याला देवाकडे परत आणले असे तो मानतो, त्या आईविषयी! तरीही तो काय काय सांगतो, पाहा. लहानपणी पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम तिच्याकडे असताना घोट घोट घेत तिला त्याची चटक लागली होती आणि एका दासीने भांडणात त्यावरून टोमणा मारल्यावर तिला लाज वाटून ती सवय सुटली. आपल्या वडिलांचा तापट स्वभाव आणि त्यांचा बाहेरख्यालीपणा, हेही तो दडवीत नाही. आईचे गुण मनःपूर्वक वर्णन केल्यावर तो ते सारे गुण क्षणभर बाजूला ठेवतो आणि तिच्या पापांसाठी देवाची करुणा भाकतो. मृत्युशय्येवर तिचे मागणेही तसेच होते. देह कोठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने सांगितले. ऑगस्टीन वाचकांकडूनही तिच्यासाठी हीच आठवण मागतात.

अर्ल स्पेन्सर यांच्या भाषणापुढे हा मजकूर ठेवून पाहिला की दोहोंमधील अंतर स्पष्ट होते. दोघेही प्रामाणिक, दोघेही शोकात बुडालेले. परंतु एक जगाला दोष देऊन थांबतो, तर दुसरा आईसाठी काहीतरी मागतो. मोनिकेला संतांची कीर्ती लाभली. पण ती तिच्या मुलाने तिचे दोष झाकल्यामुळे नव्हे.

मदर तेरेसांची गोष्ट निराळ्या प्रकारे कठीण आहे. कॅमेऱ्यांपासून त्यांचीही सुटका नव्हती. आपले एक छायाचित्र काढले गेले की शुद्धिस्थानातील एक आत्मा मुक्त व्हावा, असा करार आपण प्रभूशी केला आहे, असे त्या म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. कीर्तीचा इतका खेळकर आणि इतका ख्रिस्ती उपयोग मला अन्यत्र आढळला नाही. मात्र आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली खासगी पत्रे नष्ट करावीत, अशी विनंती त्यांनी पुनःपुन्हा केली होती. ती वाचून लोक येशूचा कमी व आपला अधिक विचार करतील, अशी त्यांना भीती वाटे. ती पत्रे नष्ट झाली नाहीत. संतपदाच्या चौकशीत व्यक्तीचे सर्व लेखन गोळा करावे लागते. २००७ साली ‘कम बी माय लाइट’ या नावाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि दशकानुदशके त्यांनी अंतरी सोसलेला काळोख, देव दूर गेल्याची वेदना, जगासमोर आली.

मृताची इच्छा मोडून केलेले हे प्रकाशन योग्य होते काय? माझे उत्तर ‘होय’ असे आहे, पण ते सहजासहजी दिलेले नाही. या पत्रांनी निळ्या काठाच्या साडीतील हसऱ्या पुतळ्याला तडा दिला आणि त्यातून एक झगडणारी स्त्री बाहेर आली. ज्या मातेला प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, ज्या वृद्धाला मिस्सात केवळ सवय म्हणून बसल्यासारखे वाटते, त्यांना त्या पुतळ्याचा उपयोग नव्हता. या स्त्रीचा आहे. ख्रिस्टोफर हिचन्स या कठोर टीकाकाराने त्यांच्यावर १९९५ साली पुस्तक लिहिले होते. संतपदाच्या चौकशीत ख्रिस्तसभेने त्याचेही म्हणणे ऐकून घेतले, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते. २०१६ साली त्यांना संत घोषित करण्यात आले ते विरोधातील साक्ष नोंदवून घेतल्यावर. आपल्या घरच्या श्रद्धांजली सभेत विरोधी साक्षीला कधी जागा असते काय?

अशी जागा नसली की काय होते, हेही आपल्याच घरातील उदाहरणाने सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ज्याँ व्हानिए यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसह राहण्यासाठी ‘लार्श’ ही चळवळ सुरू केली. आपल्याकडे बंगळुरूचे ‘आशा निकेतन’ याच चळवळीचे रोप. मे २०१९ मध्ये व्हानिए वारले तेव्हा अनेकांनी त्यांना जिवंत संत म्हणून निरोप दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल आला: आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी किमान सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३ च्या सविस्तर अभ्यासात हा आकडा किमान पंचवीसवर गेला. हा अहवाल कोणा शत्रूने काढला नव्हता. ज्यांनी त्यांच्यावर सर्वाधिक प्रेम केले, त्या लार्शनेच चौकशी करवून घेतली व निष्कर्ष स्वतः जाहीर केले. संस्थेचे नाव जाईल, देणग्या आटतील, अपंग बांधवांचे नुकसान होईल, ही सारी कारणे गप्प बसण्यासाठी त्यांच्याजवळ होती. त्यांनी ती वापरली नाहीत. ज्या स्त्रियांचा आवाज एका माणसाच्या कीर्तीखाली दबला होता, त्यांचे ऋण त्यांनी अधिक मोठे मानले. संस्थापकाची प्रभावळ गेली, तरी त्या घरांतील माणसे सकाळी उठून एकमेकांसाठी स्वयंपाक करीतच आहेत.

देह सोडल्यावर कीर्ती मागे उरावी, हा समर्थ रामदासांचा ‘मनाच्या श्लोकां’तील उपदेश आपण मराठी माणसे शाळेपासून ऐकत आलो आहोत. श्रद्धांजली सभेत त्याचा आधार हमखास घेतला जातो. परंतु त्याच श्लोकाचा उत्तरार्ध मनाला चंदनासारखे झिजण्यास आणि सज्जनांचे अंतःकरण निवविण्यास सांगतो, हे बहुधा कोणी आठवीत नाही. समर्थांच्या दृष्टीने कीर्ती हा झिजण्याचा परिणाम आहे. आपण झिजणे वगळून परिणाम मागतो आणि तो छपाईच्या दुकानात चौरस फुटांच्या दराने मिळतो. सर्व लोक वाहवा करतात तेव्हा सावध राहावे, असे प्रभू येशूने आपल्या शिष्यांना बजावले आहे. लूककृत शुभवर्तमानातील तो इशारा मृतांच्या वारसांनाही लागू पडतो.

ख्रिस्तसभेचा उपासनाविधी याबाबत स्पष्ट आहे. अंत्यविधीच्या मिस्सात छोटे प्रवचन असावे, मृताचे स्तुतिपर भाषण नसावे. कुटुंबीयांनी शेवटी आठवणीचे दोन शब्द बोलावेत, याला मुभा आहे. काही कुटुंबांना हा नियम कोरडा वाटतो. वास्तविक त्यामागे मोठे वात्सल्य आहे. मृताला आता आपल्या प्रशस्तिपत्राची गरज नाही, प्रार्थनेची आहे. ज्याला आपण फलकावर थेट स्वर्गात बसवून टाकले, त्याच्यासाठी महिन्याचा मिस्सा कशाला मागायचा? नोव्हेंबरमध्ये त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावून काय मागायचे? अतिस्तुती ही मृताची एक प्रकारे उपासमारच आहे.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. घरात मृत्यू झाला की सातव्या दिवसाच्या आत सर्वांनी एकत्र बसावे आणि मृताचे गुण आठवून झाल्यावर तीन गोष्टींची नोंद करावी. त्याचे कोणाचे देणे राहिले होते? कोणाशी त्याचे बोलणे बंद होते? कोणाला दिलेला शब्द त्याच्याकडून पाळायचा राहिला? मग फलकाचे पैसे त्या देण्यात घालावेत, बांधावरून अबोला धरलेल्या चुलत्याच्या दारात मुलांनी जावे आणि राहिलेला शब्द जमेल तितका पाळावा. ते झाल्यावर मिस्सा मागावा. वेदीपाशी त्याचे नाव उच्चारले जाईल तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही मान खाली घालावी लागणार नाही.